परदेशात असताना साथ आली तर: नव्या रहिवाशांसाठी आणि छोट्या व्यावसायिकांसाठी

साथीच्या काळात परदेशात राहणाऱ्या माणसापुढे दोन संकटं उभी राहतात. एक आजाराचं, ते सगळ्यांचंच असतं. दुसरं कागदांचं, ते त्याचं एकट्याचं. आजाराबद्दल सरकार, डॉक्टर आणि बातम्या दिवसरात्र बोलत असतात. पण व्हिसा संपत आलाय आणि कचेरीला कुलूप आहे, बिनपगारी रजेवर पाठवलं तर कामाचा परवाना राहतो का, आईवडिलांना बघायला गेलो तर परत आत घेतील का, हे कोणी आपणहून सांगायला येत नाही. परदेशात छोटा धंदा चालवणाऱ्याला तर स्वतःच्या परवान्याबरोबर हाताखालच्या माणसांचे परवानेही बघावे लागतात.

एका दिवसाने काय फरक पडतो याचं उदाहरण जपानचं घ्या. २०२० च्या एप्रिलमध्ये जपानने अनेक देशांतून येणाऱ्या परदेशी लोकांना प्रवेशबंदी केली. कायमच्या रहिवाशांपैकी जे २ एप्रिलपर्यंत बाहेर पडले होते त्यांना परतता येत होतं. जे ३ एप्रिलला किंवा त्यानंतर त्या देशांत गेले त्यांना सर्वसाधारणपणे नाही, मग जपानमध्ये घर असो, नोकरी असो की मुलांची शाळा. जपानी नागरिकांना ही अडचण नव्हती. परदेशी रहिवाशांसाठी नियम सैल व्हायला सप्टेंबर उजाडला.

पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. साथ आधीच सुरू झाली असेल तर थेट तिसऱ्या पायरीवर जा, परवान्याची तारीख तपासा, आणि मग मागे या.

पहिली पायरी: कोणाचा शब्द चालतो ते समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटना एखादी साथ ‘आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’ म्हणून जाहीर करते. २००९ ते २०२४ या काळात असं आठ वेळा झालं: २००९ चा स्वाइन फ्लू, २०१४ मध्ये पोलिओ आणि पश्चिम आफ्रिकेतला इबोला, २०१६ मध्ये झिका, २०१९ मध्ये काँगोतला इबोला, ३० जानेवारी २०२० ला कोविड, आणि २०२२ व २०२४ मध्ये एमपॉक्स (आधीचं नाव मंकीपॉक्स). २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतले बदल १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले आणि तिच्यात ‘महामारी आणीबाणी’ अशी आणखी वरची पातळी आली. हे बदल सगळ्या देशांनी मान्य केलेले नाहीत. अमेरिकेने ते नाकारले.

ही घोषणा सरकारांसाठी असते. तिने तुमचं दुकान बंद होत नाही आणि तुमचा व्हिसा वाढतही नाही. आठातल्या बऱ्याच आणीबाण्या जगातल्या बहुसंख्य लोकांच्या रोजच्या आयुष्याला शिवल्यासुद्धा नाहीत. तेव्हा बातमी आली की लगेच विमानतळाकडे धावायचं कारण नाही. तुम्हाला लागू पडतात ते तुम्ही राहता त्या देशाचे, प्रांताचे आणि शहराचे आदेश. यातही अधिकार वाटलेले असतात. दुकान उघडं की बंद हे बहुधा प्रांत किंवा शहर ठरवतं, सीमा आणि व्हिसा राष्ट्रीय सरकारकडे असतात, पगार आणि रजा कामगार खात्याकडे.

म्हणून तीन संकेतस्थळं शोधून मोबाईलवर खूण करून ठेवा: स्थानिक आरोग्य खातं, देशाचं व्हिसा किंवा स्थलांतर खातं, आणि कामगार खातं. चौथं आपल्या दूतावासाचं. व्हॉट्सॲपवर आलेला ‘नवा नियम’ या चारपैकी एकावर सापडत नसेल तर तो तुमच्यापुरता अस्तित्वात नाही. समाजमंडळाच्या गटात एखाद्या दादांनी अगदी खात्रीने सांगितलं असलं, तरी नाही. त्यांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असू शकतो, आणि तिथेच सगळं बदलतं.

दुसरी पायरी: आदेश वाचायला शिका

हे कौशल्य दोन-तीन आदेश नीट वाचले की येतं. समजा आदेशात एवढंच वाक्य आहे: ‘१० तारखेच्या मध्यरात्रीपासून अत्यावश्यक सेवा वगळता सर्व आस्थापना ग्राहकांसाठी बंद राहतील.’

आता यात बघा. मध्यरात्र कोणती? ९ आणि १० च्या मधली की १० आणि ११ च्या मधली? चांगला आदेश वेळ मिनिटांत देतो. दिली नसेल तर आधीची धरून चाला, म्हणजे दंडाचा प्रश्न येत नाही. ‘अत्यावश्यक’ कोण, याची यादी बहुतेकदा परिशिष्टात असते, आणि धंदा बंद करायचा की नाही हे त्या यादीवर ठरतं. ‘ग्राहकांसाठी बंद’ म्हणजे आत बसून हिशेब करायला, माल पाठवायला बंदी नाही. तसं करायचं असेल तर खात्याकडून लेखी खुलासा मागवून घ्या. आणि शेवटी, हा आदेश कधीपर्यंत? शेवटची तारीख नसेल तर ‘पुढील आदेशापर्यंत’ असं म्हटलेलं असतं, म्हणजे तो आपोआप संपत नाही.

यापुढे एक प्रश्न नेहमी विचारायचा: हा सल्ला आहे की कायदा? २०२० च्या पहिल्या टाळेबंदीत इंग्लंडमध्ये सरकारी सूचना सांगत होत्या की व्यायामासाठी दिवसातून एकदाच बाहेर पडा. इंग्लंडच्या कायद्यात मात्र अशी मर्यादा नव्हती. शेजारच्या वेल्समध्ये ती कायद्यातच होती. सल्ला पाळावाच, त्यात शहाणपण असतं; पण दंड कशाला होतो आणि कशाला नाही हे परदेशी माणसाने जास्त नीट जाणून घ्यावं, कारण काही देशांत साध्या दंडाची नोंदही पुढच्या व्हिसा अर्जात सांगावी लागते.

सीमेबद्दलच्या आदेशात ‘नागरिक’, ‘कायमचे रहिवासी’, ‘तात्पुरते रहिवासी’ आणि ‘अभ्यागत’ हे चार गट वेगवेगळे वाचा. ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० पासून सीमा बंद केली ती नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय सोडून. तिथे कित्येक वर्षं काम करत असलेला पण तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस त्या वेळी बाहेर असेल, तर त्याला परतण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत होती.

आदेश वाचला की त्याची प्रत उतरवून ठेवा, फाइलच्या नावात तारीख घालून. संकेतस्थळावरचा मजकूर बदलतो, आधीचा गायब होतो, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला दाखवायचं असतं की त्या दिवशी नियम काय होता.

तिसरी पायरी: व्हिसा, परवाना, पासपोर्ट

एका कागदावर घरातल्या प्रत्येकाच्या तारखा लिहून काढा. पासपोर्ट कधी संपतो, राहण्याचा परवाना कधी, कामाचा कधी, आरोग्य विमा कधी. पासपोर्ट विसरला जातो, आणि पुष्कळ देशांत परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे वाढवून मिळत नाही. सहा महिन्यांच्या आत संपणारं जे काही असेल त्याचा अर्ज आजच टाका. कचेऱ्या बंद झाल्या की रांग वाढते, कमी होत नाही.

मोठ्या साथीत सरकारं बहुधा सवलती देतात. पोर्तुगालने मार्च २०२० मध्ये ज्यांचे अर्ज प्रलंबित होते अशा स्थलांतरितांना तात्पुरतं कायदेशीर रहिवासी मानलं, म्हणजे त्यांना दवाखाना आणि मदत मिळेल. ब्रिटनने २४ जानेवारी ते ३१ जुलै २०२० मध्ये ज्यांचे व्हिसा संपत होते आणि ज्यांना देश सोडणं शक्य नव्हतं त्यांना मुदतवाढ दिली. पण सवलत म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. संयुक्त अरब अमिरातीने १ मार्च २०२० नंतर संपणारे व्हिसा वर्षाअखेरपर्यंत वैध धरले जातील असं सांगितलं होतं. जुलैमध्ये तो निर्णय मागे घेतला आणि नूतनीकरणाच्या नव्या मुदती दिल्या. डिसेंबर गृहीत धरून निवांत बसलेल्यांची मग धावपळ झाली.

मुदतवाढ आपोआप मिळते की मागावी लागते, हेही तपासा. दोन्ही प्रकार असतात. संशय असेल तर मागा. इतकं लिहिलं तरी काम भागतं:

‘माझ्या परवान्याची मुदत अमुक तारखेला संपते. नूतनीकरणासाठी मी अमुक तारखेला वेळ मागितली होती. कार्यालय बंद असल्याचा निरोप मला अमुक तारखेला मिळाला. तो सोबत जोडला आहे. मी देशातच आहे आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच राहतो. मुदतीपूर्वी अर्ज केल्याची नोंद घ्यावी आणि कृपया पोच द्यावी.’

यात रडगाणं नाही, तारखा आहेत. पोच आली नाही तर आठवड्याने तेच पत्र पुन्हा पाठवा, आधीच्या पत्राचा उल्लेख करून. फोनवर कोणी काही सांगितलं तर त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, विभाग, काय सांगितलं, संदर्भ क्रमांक. ‘तिकडच्या बाई म्हणाल्या’ हा पुरावा होत नाही. ‘१४ तारखेला सकाळी सव्वाअकराला, संदर्भ क्रमांक अमुक’ हा बराचसा होतो.

नोकरी जाणार अशी कुणकुण लागली तर आधी हे बघा की तुमच्या व्हिसावर किती दिवसांची मुदत मिळते. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्याआधीच राहण्याची मंजूर मुदत संपत असेल तर तेवढेच. इतर देशांत हा आकडा वेगळा आहे. दिवस शेवटच्या कामापासून मोजतात की शेवटच्या पगारापासून, हे समजून घेतल्याशिवाय राजीनाम्याच्या कागदावर सही करू नका. कंपनी ‘परस्पर संमतीने’ असा शब्दप्रयोग पुढे करते तेव्हा तर नाहीच.

चौथी पायरी: घर आणि आजारपण

इथे पहिला प्रश्न असा की आजार पसरतो कसा. हवेतून, स्पर्शातून, पाण्यातून की डासांतून? कोविडच्या सवयीने लोक प्रत्येक साथीत मास्क आणि सॅनिटायझर शोधतात. झिकामध्ये मास्कचा उपयोग नाही. तिथे साचलेलं पाणी आणि डास. कॉलऱ्यात पाणी उकळणं आणि शौचानंतर साबणाने हात धुणं. नोरोव्हायरससारख्या उलटी-जुलाबाच्या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं. हवेतून पसरणाऱ्या आजारात खिडकी उघडणं आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्या दर्जाचा मास्क यांनी जितकं साधतं, तितकं टेबलं पुसून साधत नाही.

पृष्ठभाग निर्जंतुक करायचेच असतील तर ५ टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे ४९ भाग, म्हणजे ०.१ टक्का द्रावण होतं. साध्या पुसण्याला ते पुरतं. ते रोजच्या रोज ताजं करा. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्लाचं संडास-क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. परदेशात बाटलीवरची भाषा वाचता येत नसेल तर हा धोका खराच असतो.

रोजची औषधं महिनाभराची जवळ ठेवा, आणि औषधाचं रासायनिक नाव लिहून घ्या. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात, मूळ नाव बहुतेक ठिकाणी ओळखलं जातं. लसीच्या कागदावर लसीचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि तारीख असू द्या. २०२१ मध्ये भारतात बनलेल्या कोविशिल्डच्या प्रमाणपत्रावरून युरोपात आणि ब्रिटनमध्ये बराच गोंधळ झाला होता, लस तीच ॲस्ट्राझेनेकाची असूनही. पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड मात्र जगभर चालतं. ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होतं आणि ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभरासाठी धरलं जातं. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही.

लक्षणं दिसली तर थेट दवाखान्यात जाण्याआधी फोन करा. फोनवर बोलायला तीन वाक्यं स्थानिक भाषेत लिहून ठेवा: मला काय होतंय आणि कधीपासून, मी कुठे राहतो, मला दुभाषी हवा. दुभाषी मागायला संकोच करू नका. अनेक देशांच्या सरकारी दवाखान्यांत ती सोय असते. शेजारच्या मुलाला दुभाषी करू नका. आजारपणातल्या सगळ्याच गोष्टी मुलाच्या तोंडून विचाराव्यात अशा नसतात.

‘मी परदेशी आहे, बिल अवाच्या सवा येईल, किंवा व्हिसावाल्यांना कळेल’ या भीतीने लोक तपासणी टाळतात. ही भीती नेहमीच निराधार असते असं म्हणणार नाही. पण साथीच्या आजारांसाठी नियम पुष्कळदा वेगळे असतात. इंग्लंडमध्ये कोविडची तपासणी आणि उपचार परदेशी पाहुण्यांनाही मोफत होते आणि त्यासाठी व्हिसा विचारला जात नव्हता. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने मार्च २०२० मध्ये जाहीर केलं की कोविडची तपासणी वा उपचार घेतल्याने ग्रीन कार्डच्या अर्जावर परिणाम होणार नाही. तुमच्या देशात काय नियम आहे हे आजारी पडण्याआधी शोधा. तापात असल्या गोष्टी शोधवत नाहीत.

घरात राहायचा आदेश मिळाला तर तो दोन प्रकारचा असू शकतो. आजारी माणसाला वेगळं ठेवणं एक, आणि संपर्कात आलेल्या पण अजून निरोगी असलेल्या माणसाला थांबवून ठेवणं दुसरं. दिवसांची मोजणी दोन्हींत वेगळी: पहिल्यात बहुधा लक्षणं किंवा तपासणीच्या तारखेपासून, दुसऱ्यात शेवटच्या संपर्कापासून. लेखी आदेश मागा. पगारी आजारपणाची रजा मिळवायला तोच कागद लागतो.

पाचवी पायरी: जायचं की थांबायचं

माझं मत सांगतो: परवाना चालू आहे, घर आहे आणि उपचार मिळतात, तर शक्यतो थांबा. निघायचं असेल तर दोन दरवाजे तपासा, जिथे चाललात तो आणि जिथून निघालात तो. मार्च २०२० मध्ये भारताने बहुतेक व्हिसा आणि ओसीआय कार्डावरचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) विनाव्हिसा प्रवेश काही काळ स्थगित केला होता. आयुष्यभराचं कार्ड हातात असून अनेकांना थांबावं लागलं. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा तर मार्च २०२० ते मार्च २०२२ बंद होती, मधल्या काळात विशेष उड्डाणं तेवढी चालली.

पैशांचा विचार वेगळा करा. आरोग्य नियमावलीनुसार प्रवाशांकडून सक्तीच्या विलगीकरणाचा खर्च सहसा घेऊ नये, पण प्रत्यक्षात कोविडमध्ये कित्येक देशांनी तो घेतला. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये एका प्रौढाला दहा दिवसांच्या हॉटेलचे १,७५० पाउंड पडत. तिकिटाच्या किमतीत हा आकडा कोणी मोजत नाही.

दूतावासात नाव नोंदवा, आजच. दूतावास पासपोर्ट देऊ शकतो, तुरुंगात किंवा इस्पितळात असलेल्या नागरिकाला भेटू शकतो, विशेष विमानांची यादी करतो, आणि त्या यादीत नाव नोंदवलेल्यांनाच आधी शोधलं जातं. तो तुमचं बिल भरत नाही आणि स्थानिक आदेश रद्द करू शकत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी माणसाला अटक झाली किंवा अडकवून ठेवलं, तर त्याच्या वकिलातीला कळवा असं सांगायचा त्याला हक्क आहे. विलगीकरणातून बाहेर पडल्याच्या आरोपात पकडलं गेलं, तरी हा हक्क तसाच राहतो.

सहावी पायरी: धंदा असेल तर

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष दुकान उघडं की बंद याकडे असतं. खरं लक्ष हवं ते पगारपत्रकाकडे.

ब्रिटनची २०२० ची योजना आठवा. कामगाराला घरी बसवलं तर सरकार पगाराच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पाउंड देत होतं. अट अशी की त्या माणसाच्या पगाराची माहिती १९ मार्च २०२० पर्यंत कर खात्याकडे गेलेली हवी. रोखीने पगार देणारे, नव्या माणसाची नोंद ‘महिनाअखेरीला करू’ म्हणणारे, यांच्या माणसांना त्या वेळी काही मिळालं नाही. मदत येते तेव्हा ती मागच्या तारखेच्या कागदांवर येते. साथ जाहीर झाल्यावर कागद तयार करून भागत नाही.

याच योजनेत आणखी एक गोष्ट घडली. ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधी घेऊ नये असा शिक्का असतो, त्यांना वाटलं आपल्याला ही मदत चालणार नाही. ती चालत होती, कारण व्हिसाच्या नियमांत ती ‘सरकारी निधी’त धरली जात नव्हती. तेव्हा तुमच्या परदेशी कामगाराला सरकारी मदत घेता येईल की नाही, हे तुम्ही अंदाजाने ठरवू नका आणि त्यालाही ठरवू देऊ नका. विचारा.

परदेशी कामगारांच्या बाबतीत मालकाची जबाबदारी वाढते. ज्या देशांत मालक हा व्हिसाचा पुरस्कर्ता (स्पॉन्सर) असतो तिथे पगार कमी केला, तास कमी केले किंवा बिनपगारी रजेवर पाठवलं, तर कळवावं लागतं. ब्रिटनमध्ये वर्षात चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली तर एरवी मालकाला व्हिसाची स्पॉन्सरशिप काढून घ्यावी लागते. कोविडपुरती त्यात सूट दिली गेली. अमेरिकेत एच-१बी कामगाराला काम नाही म्हणून बिनपगारी बसवता येत नाही. थोडक्यात, ज्या सोयी इतर कामगारांशी बोलून होतात त्या परदेशी कामगाराच्या मुळावर येऊ शकतात, आणि तो तुमच्या शब्दाखातर ‘हो’ म्हणेल. त्याचं ‘हो’ घेण्याआधी वकिलाचा तासाभराचा सल्ला घ्या.

आजारी पडलेल्याला घरी थांबवायचं असेल तर त्याला घरी थांबणं परवडलं पाहिजे. रजेचा पगार कापला जाणार असेल तर माणूस तापाची गोळी घेऊन कामावर येतो, आणि मग चार जण रजेवर जातात. निदान पहिल्या काही दिवसांचा पगार द्यायचं ठरवा आणि ते भिंतीवर लावा, कामगारांना कळतील त्या सगळ्या भाषांत. कोण आजारी आहे याचं नाव मात्र सांगायचं नाही. ‘मंगळवारी सकाळच्या पाळीत होते त्यांनी तपासणी करून घ्यावी’ एवढं पुरे. नाव फुटलं की पुढचा माणूस आजार लपवतो, आणि पुष्कळ देशांत ते खाजगीपणाच्या कायद्याचं उल्लंघनही ठरतं.

भाडं आणि करार. घरमालकाशी, पुरवठादाराशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ईमेल करा: ‘आज आपलं असं असं ठरलं.’ करारात अनपेक्षित आपत्तीचं कलम असेल तर ते आपोआप लागू होत नाही. बहुधा ठरावीक दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि साथीचा उल्लेख त्यात आहे का हेही बघावं लागतं.

विम्याची पॉलिसी काढून ‘व्यवसाय खंडित होणे’ हे कलम वाचा. २००३ च्या सार्सनंतर अमेरिकेत विषाणूमुळे झालेलं नुकसान वगळणारं ठरावीक कलम २००६ पासून रुळलं आणि हजारो दुकानदारांना २०२० मध्ये ते पहिल्यांदा दिसलं. उलट ब्रिटनमध्ये ज्यांच्या पॉलिसीत संसर्गजन्य आजाराचं कलम होतं अशा बऱ्याच छोट्या व्यावसायिकांच्या बाजूने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२१ ला निकाल दिला. दलालाने फोनवर ‘नाही मिळणार’ म्हटलं म्हणून गप्प बसू नका. दावा लेखी करा, नकारही लेखी मागा.

हातातल्या पैशांचा हिशेब सोपा ठेवा. आज विक्री शून्य झाली तर किती दिवस भाडं आणि पगार निघतील? तो आकडा कळला की बाकीचे निर्णय थंड डोक्याने होतात. आणि ज्याचा स्वतःचा राहण्याचा परवानाच धंद्याच्या उलाढालीवर किंवा कामगारांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्याने धंदा तात्पुरता बंद करण्याआधी स्थलांतर खात्याला कळवावं. दुकानाचं शटर खाली आलं की परवान्याचा पायाच डळमळतो, हे नव्या उद्योजकाच्या ध्यानात येत नाही.

सातवी पायरी: आणीबाणी उठते तेव्हा

हा टप्पा बहुतेक लोक विसरतात. आणीबाणी संपल्याची बातमी आली की लोक मोकळा श्वास घेतात, पण त्याच दिवसापासून सवलतींचे दिवस भरत येतात. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ ला संपवली, अमेरिकेने आपली ११ मे २०२३ ला. अमेरिकेत नव्या कामगाराची कागदपत्रं ऑनलाइन बघून घ्यायची जी सवलत मालकांना दिली होती, ती ३१ जुलै २०२३ ला संपली, आणि तोवर फक्त ऑनलाइन बघितलेली कागदपत्रं प्रत्यक्ष तपासायला ३० ऑगस्टपर्यंतचीच मुदत होती. तीन वर्षांत भरती केलेली माणसं, त्यातली काही सोडून गेलेली, काही गावोगाव विखुरलेली.

म्हणून सवलत घेतली त्याच दिवशी वहीत दुसरा स्तंभ आखा: ती संपल्यावर काय करावं लागेल आणि कोणाकडे.

कराचंही तसंच. सीमा बंद म्हणून एखाद्या देशात जास्त दिवस अडकलात तर तिथले कर-रहिवासी ठरण्याचा प्रश्न येतो. अनेक देशांत १८३ दिवसांचा निकष असतो. अडकलेले दिवस वगळण्याची तरतूद असते पण तिलाही मर्यादा असते. ब्रिटनमध्ये अपवादात्मक परिस्थितीचे जास्तीत जास्त ६० दिवस वगळता येतात. कायमच्या वास्तव्याच्या अर्जातही बाहेर घालवलेले दिवस मोजले जातात, आणि तो अर्ज तुम्ही साथीनंतर चार-पाच वर्षांनी करता. तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याला त्या वर्षी विमानं बंद होती हे ढोबळमानाने माहीत असेल. तुमचं विमान कोणतं, ते कधी रद्द झालं आणि पुढचं कधी मिळालं, हे त्याला माहीत नसतं. विमान कंपनीचा रद्द झाल्याचा ईमेल, पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो आणि त्या दिवशीच्या सीमाबंदीच्या आदेशाची प्रत, हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, वर्षाच्या नावाने ठेवा.